वर्गात एकच फोन

फळ्यावर चार अपूर्णांक लिहिले आहेत: १/३, १/४, १/६ आणि १/८. यांतला सर्वांत मोठा कोणता, एवढाच प्रश्न. बाई कोणाला उभं करत नाहीत, हात वर करायलाही सांगत नाहीत. प्रत्येक मुलाजवळ पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद आहे. कागदावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी, कोपऱ्यात एक क्रमांक आणि चार बाजूंना बारीक टाइपात चार पर्यायांची अक्षरं. मुलं क्षणभर विचार करतात, कागद फिरवून आपल्या उत्तराची बाजू वर आणतात आणि तो छातीशी धरतात. बाई आपला फोन आडवा धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश फिरवतात. फोन वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पटावरच्या प्रत्येक नावापुढे त्या मुलाचं उत्तर उमटलेलं असतं.

अपूर्णांक नुकतेच सुरू झालेल्या वर्गात हा प्रश्न विचारला की बरीच मुलं १/८ वर करतात. आठ तीनपेक्षा मोठा, म्हणून १/८ मोठा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. चूक मुलाच्या डोक्यात असते आणि एरवी ती चाचणीचे पेपर तपासताना, म्हणजे महिन्याभराने, दिसते. इथे ती धडा चालू असतानाच दिसली. बाई लगेच फळ्यावर भाकरी काढतात आणि विचारतात, तिघांत वाटली तर तुकडा मोठा येईल की आठ जणांत?

या सगळ्यात मोबाइल एकच आहे, आणि तोही बाईंचा. मुलांच्या हातात फक्त कागद. नक्षी बारकोडसारखी असते. प्रत्येक मुलाची वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचा कागद पाहून उत्तर उचलता येत नाही. अक्षरं इतकी बारीक की मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. या साधनाचं नाव ‘प्लिकर्स’. नोलन एमी या अमेरिकी शिक्षकाने ते तयार केलं. ‘पेपर’ आणि ‘क्लिकर’ या दोन शब्दांतून ते नाव आलं. क्लिकर म्हणजे मुलांच्या हातात द्यायचं बटणांचं यंत्र. चाळीस यंत्रं विकत घेणं शाळेला परवडत नाही, चाळीस कागद परवडतात.

मोबाइल आणि शाळा हे शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, मोबाइलने मुलं बिघडली, त्याला शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा. दुसरा म्हणतो, जग कुठे चाललंय बघा, प्रत्येक मुलाच्या हाती टॅब द्या. वर्गात प्रत्यक्ष काय घडतं ते जवळून पाहिलं, त्यावर झालेले अभ्यास वाचले, तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य सापडतं. पण खरा प्रश्न वेगळा आहे. फोन कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाकडे वळलेला आहे?

‘समजलं का?’ ‘होऽऽ बाई!’

चाळीस मुलांच्या वर्गात प्रश्न विचारला की वर येणारे हात ठरलेले असतात. चार-पाच हुशार मुलं, त्यांतही पहिल्या दोन बाकांवरची. बाकीची पस्तीस गप्प. बाईंनी ‘समजलं का?’ म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि धडा पुढे सरकतो. त्या एका सुरात किती मुलांना खरंच समजलंय, ते कोणालाच कळत नाही. शिक्षकालाही नाही आणि मुलालाही नाही.

ही अडचण फक्त आपल्या खेड्यापाड्यांची नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९८० च्या दशकात शिकवायला लागले. विद्यार्थ्यांना त्यांचं शिकवणं आवडत होतं, परीक्षेत गणितंही सुटत होती. पुढे एक दिवस मॅझूर यांनी वर्गाला अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. एक अवजड ट्रक आणि एक हलकी मोटार समोरासमोर धडकली, तर कोणाचा कोणावर जास्त जोर लागतो? न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ट्रकचं नाव घेतलं. दोन्ही जोर सारखेच असतात, हे त्यांनी सूत्रात लिहिलं होतं, पण मनाला पटलेलं नव्हतं.

मॅझूर यांनी व्याख्यानाची पद्धतच बदलली. थोडं शिकवायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये आली, तर प्राध्यापकाने काहीही न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा उत्तर घ्यायचं. आधी हे हात वर करून आणि पुठ्ठ्यांवर चालायचं, नंतर क्लिकर आले, त्यानंतर मोबाइल. १९९७ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि ती जगभर पसरली.

शेजाऱ्याशी बोलून उत्तर सुधारतं, ते हुशार शेजारी उत्तर सांगतो म्हणून, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न विचारला, तेव्हाही विद्यार्थ्यांची उत्तरं सुधारलेली होती. ज्या गटात सुरुवातीला एकालाही बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेसुद्धा. बोलता बोलता मुलं खरोखर शिकत होती.

अपूर्णांकांच्या वर्गातले कागद आणि हार्वर्डचे क्लिकर यांचं काम एकच. गप्प बसलेल्या पस्तीस मुलांना उत्तर द्यायला लावणं.

गोठ्याशेजारची शाळा

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी हे नाव टाळता येत नाही. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आली होती. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामान ठेवायची खोली. मुलींची उपस्थिती तुटपुंजी होती आणि पाठ्यपुस्तकाची भाषा अनेक मुलांच्या घरच्या भाषेशी जुळत नव्हती.

डिसले यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पानांवर क्यूआर कोड चिकटवले. फोनचा कॅमेरा कोडवर धरला की कविता ऐकू येई, गोष्ट सुरू होई, एखादा व्हिडिओ किंवा स्वाध्याय उघडे. पुस्तक तेच राहिलं, पण आई-बापाला वाचता येत नसलं तरी मुलाला घरी ती कविता ऐकता येऊ लागली. या प्रयोगाचा प्रस्ताव शासनाकडे गेला, चाचणी झाली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी केंद्राने एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तोच निर्णय घेतला.

३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार डिसले यांना जाहीर झाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

क्यूआर कोड मुळात शाळेसाठी जन्मला नव्हता. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो तयार केला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या खेळाचा पट पाहून हारांना ही कल्पना सुचली. कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात, म्हणून पुस्तक तिरपं धरलं तरी चालतं. कोड तयार करतानाच त्यात दुरुस्तीची सोय असते. सर्वांत भक्कम प्रकारात जवळपास तीस टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. दप्तरात चुरगळणाऱ्या, तेलकट बोटांनी उलटल्या जाणाऱ्या पानाला ही सोय फारच उपयोगी.

आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठाकडे घेऊन जातो. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, ते सुरू झालं. त्यावरचं साहित्य मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतलं की रेंज नसलेल्या गावातही चालतं. गुरुजींनी तालुक्याच्या ठिकाणी असताना पुढच्या आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून घ्यावेत आणि वर्गात टीव्हीला जोडून दाखवावेत, असं अनेक शाळांत चालतं.

मात्र नुसता व्हिडिओ लावून दिला म्हणजे शिकवणं झालं असं होत नाही. दहा मिनिटांचा पचनसंस्थेचा व्हिडिओ मुलं डोळे विस्फारून पाहतात आणि संपल्यावर त्यातलं फार थोडं सांगू शकतात. तोच व्हिडिओ अनुभवी शिक्षक तिसऱ्या मिनिटाला थांबवतो. ‘घास आता कुठे पोचला? पुढे काय होईल? वहीत चित्र काढा.’ दोन मिनिटं मुलं विचार करतात, आपसांत भांडतात, मग व्हिडिओ पुढे सुरू होतो. आता प्रत्येकाला आपला अंदाज खरा ठरतो का ते पाहायचं असतं. थांबवण्याचं बटण हे व्हिडिओतलं सर्वांत मोलाचं शैक्षणिक साधन आहे.

टाळीचा वेग मोजताना

फोनचा आणखी एक उपयोग आहे, पण शाळांत तो सर्वांत कमी होतो. स्मार्टफोनमध्ये पडद्याशिवाय आणखी बरंच काही असतं. माइक, कॅमेरा, हालचाल टिपणारा संवेदक. काही फोनमध्ये चुंबकत्व आणि प्रकाश मोजणारे संवेदकही. ज्या उपकरणांसाठी शाळेला प्रयोगशाळा उभारावी लागली असती, ती गुरुजींच्या खिशात आहेत. जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आणलं. ते फोनमधल्या संवेदकांनी मिळवलेले आकडे उघडपणे दाखवतं.

त्यातला एक प्रयोग नववीच्या ध्वनीच्या धड्याला शोभून दिसतो. शाळेच्या मैदानात दोन फोन एकमेकांपासून बरोबर पाच मीटरवर ठेवायचे. दोन्हींवर आवाजाने सुरू होणारं आणि आवाजानेच बंद होणारं घड्याळ लावायचं. पहिल्या फोनजवळच्या मुलीने टाळी वाजवली की तिच्याजवळचं घड्याळ लगेच सुरू होतं. दुसरं थोडं उशिरा, कारण आवाजाला पाच मीटर जायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो. त्याच्याजवळचं घड्याळ लगेच थांबतं, पहिलं थोडं उशिरा. दोन्ही घड्याळांवरच्या वेळांत सेकंदाच्या सुमारे तीन शतांश एवढा फरक दिसतो. आवाजाला पाच मीटर जाऊन पाच मीटर परत यायला लागणारा वेळ तो हाच. दहा मीटर भागिले तो फरक, की ध्वनीचा वेग हाती येतो. तोही पुस्तकातल्या आकड्याच्या आसपास.

मैदानात कोणी मोठ्याने ओरडलं, तर घड्याळ चुकतं आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो. वारा, अंतर मोजण्यातली चूक, टाळीचा जोर या सगळ्याने आकडा हलतो. मुलं पाच-सहा वेळा मोजतात, सरासरी काढतात, कोणाचं काय चुकलं यावर वाद घालतात. धड्यात एका ओळीत छापलेला वेग त्या दिवशी त्यांनी स्वतः शोधलेला असतो.

कॅमेऱ्याचंही तसंच. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे, मेरठमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी ‘फोल्डस्कोप’ हा घडी घालून तयार होणारा कागदी सूक्ष्मदर्शक बनवला. त्याचं भिंग वस्तू सुमारे १४० पट मोठी करून दाखवतं आणि ते फोनच्या कॅमेऱ्याला जोडता येतं. एरवी शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकात एका डोळ्याने एकेका मुलाने डोकवायचं आणि ‘दिसलं का?’ या प्रश्नाला न दिसताच ‘दिसलं’ म्हणायचं, असं होतं. कांद्याच्या सालीतल्या पेशी फोनवरून टीव्हीच्या पडद्यावर आल्या की चाळीस मुलं त्या एकाच वेळी पाहतात आणि विटांच्या भिंतीसारखी ती रचना बोटाने दाखवून मोजू लागतात. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून विज्ञान शिकवायची जी परंपरा रुजवली, तिच्यात हा फोन सहज बसतो. उपकरण हाताशी असलेलं, प्रश्न मुलाचा.

यंत्रं वाटली, पुढे काय?

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

पेरू या दक्षिण अमेरिकी देशाने गरीब भागांतल्या शाळकरी मुलांना प्रत्येकी एक स्वस्त लॅपटॉप द्यायचा मोठा कार्यक्रम राबवला. ३१९ ग्रामीण शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉप पोचले होते, मुलं ते वापरत होती. पण पंधरा महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत काहीही फरक पडलेला दिसला नाही. यंत्र आलं, पण वर्गातलं शिकवणं बदललं नाही.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत विकसित देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं. सुमारे ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या काही तासांना तरी स्वतःच्या फोनमुळे किंवा अशाच साधनामुळे त्यांचं लक्ष उडतं. ५९ टक्के मुलांचं लक्ष दुसऱ्याच्या साधनामुळे उडत होतं. म्हणजे ज्याच्या हातात फोन नाही, तोही सुटत नाही. त्याच पाहणीत असंही दिसलं की शाळेत रोज एक तासापर्यंत अभ्यासासाठी अशी साधनं वापरणारी मुलं, अजिबात न वापरणाऱ्या मुलांपेक्षा गणितात सरासरी १४ गुणांनी पुढे होती. थोडा आणि कामापुरता वापर करणाऱ्यांचं चित्र बरं होतं.

देशोदेशीची सरकारं सावध झाली आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत फोन वापरायला बंदी घातली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालानुसार अशी बंदी असलेले देश एक चतुर्थांशाहून कमी होते. २०२४ संपताना ते प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं होतं.

आपल्याकडचं चित्र ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत सापडतं. २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. २०२३ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती अस्वस्थ करणारी आहे. १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांचा फोन स्वतःचा होता, मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. ‘घरून फोनवर करून आणा’ असा गृहपाठ दिला की तो कोणाला जमेल आणि कोणाचा राहून जाईल, ते या दोन आकड्यांवरून समजतं. भावाचा खेळ आटोपल्यावर आणि वडील झोपल्यावर ज्या मुलीच्या हाती फोन येतो, तिच्यासाठी तो गृहपाठ शिक्षाच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात. दीड तासाने पुन्हा भोंगा. करोनाच्या काळात ऑनलाइन शिक्षणापायी मुलांच्या हाती गेलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता, म्हणून गावाने हा उपाय शोधला. फोन शाळेत उपयोगी पडतो आणि घरी तो ठराविक वेळ बाजूला ठेवावा लागतो, या दोन गोष्टींत विरोध नाही. दोन्हीकडे मोठ्या माणसांनी लगाम हाती घेतला आहे.

कुठे जमतं, का जमतं

तंत्रज्ञानाने खरंच फरक पडल्याचे पुरावेही आहेत. ते कुठे मिळाले, हे पाहण्यासारखं आहे.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अभ्यासक्रमाची चाचणी झाली. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी ६१९ मुलांवर केलेला हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच आढळलं की सहावीतलं सरासरी मूल गणितात आपल्या इयत्तेच्या अडीच वर्षं मागे होतं. हा कार्यक्रम प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथून प्रश्न द्यायचा. सहावीतल्या मुलाला तिसरीची वजाबाकी येत नसेल, तर सुरुवात तिथून. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली, आणि मागे पडलेल्या मुलांना तुलनेने जास्त फायदा झाला. तिथेही अर्धा वेळ संगणकाचा होता आणि उरलेला अर्धा वेळ माणूस छोट्या गटांना शिकवत होता.

त्याहून साधं उदाहरण आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं. २०२० मध्ये शाळा बंद असताना तिथल्या साडेचार हजार कुटुंबांत एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला मोबाइलवर गणिताचा प्रश्न एसएमएसने गेला. काही घरांना एसएमएसबरोबर पंधरा-वीस मिनिटांचा फोनही गेला, ज्यात शिकवणारी व्यक्ती मुलाशी आणि पालकाशी बोलून तो प्रश्न सोडवून घ्यायची. नुसत्या एसएमएसने फारसं काही साधलं नाही. फोनवर बोलणं झालेल्या मुलांची प्रगती मात्र स्पष्ट दिसली. त्यासाठी स्मार्टफोन लागला नाही, इंटरनेट लागलं नाही. बटणाचा साधा फोन आणि पलीकडे मुलाचं ऐकून घेणारा माणूस, एवढ्यावर भागलं.

प्लिकर्सचे कागद, मॅझूर यांचा वर्ग, परितेवाडीची पुस्तकं, दिल्लीतलं माइंडस्पार्क, बोट्स्वानाचे फोन या सगळ्यांत एक धागा आहे. मूल कुठे अडलंय, हे साधनाने शिक्षकाला दाखवलं किंवा शिक्षकाला मुलापर्यंत पोचवलं. पेरूत हे घडलं नाही.

गुरुजींचा फोन कशात अडकलाय?

मग आपल्या शाळांत हे सर्रास का होत नाही? कारणं वर्गाबाहेरची आहेत.

पहिलं कारण वीज आणि नेट. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या शाळांविषयीच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होतं. एका वर्षापूर्वी हे आकडे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते, म्हणजे सुधारणा होते आहे. तरी तीनातली एक शाळा अजून बाहेर आहे. ज्या शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही आला, तिथेही वीजबिल थकलं की तो कापडाखाली झाकून राहतो.

दुसरं कारण म्हणजे शिक्षकाचा वेळ. आज गुरुजींचा फोन दिवसभर चालू असतो. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन हजेरी, ‘आजच्या आज लिंक भरा’ असे निरोप, कार्यक्रमाचे फोटो अपलोड करणं. फोन शाळेत कधीच पोचला आहे, पण तो वरच्या कार्यालयाकडे तोंड करून आहे. तो मुलांकडे वळवायचा असेल, तर शिक्षकाच्या डोक्यावरचं माहिती भरण्याचं ओझं आधी कमी करायला हवं. शिवाय तो फोन आणि त्यातलं नेटपॅक बहुतेक वेळा गुरुजींनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं असतं, हेही विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. कोणाला किती येतं, कोण कुठे चुकलं, ही नोंद ॲपमध्ये साठते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा स्पष्टपणे मांडला आहे. वर्गात पाळायचा साधा नियम असा की ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं न घालता हजेरी क्रमांक घालावेत. कच्च्या मुलाचा निकाल सगळ्या वर्गासमोर टीव्हीवर झळकवू नये आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नये. उत्तर चुकलं तरी हसं होणार नाही, या खात्रीवर मूल तो कागद वर करतं. ती खात्री एकदा मोडली की दुसऱ्या दिवशीपासून ते कागद वर करायलाच कचरू लागतं.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. आठवड्यातून दोन तास, एका तासाला तीन प्रश्न. प्रश्न असे निवडावेत की चुकीच्या प्रत्येक पर्यायामागे मुलांची खरी गैरसमजूत असेल. एकदा प्रश्न, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग पुन्हा प्रश्न. फोन नसेल त्या दिवशी चार रंगांचे पुठ्ठे वर करायला लावले तरी निम्मं काम होतं. असे प्रश्न शोधणं आणि घासूनपुसून नेमके करणं हे खरं कष्टाचं काम आहे. केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत चार शाळांच्या शिक्षकांनी बसून एकेका धड्याचे पाच-पाच प्रश्न लिहिले, तर वर्षभरात सगळ्या केंद्राला पुरेल असा साठा तयार होईल.

पालकांनाही यात काम आहे. पुढच्या पालकसभेत ‘आमच्या शाळेत टॅब कधी येणार?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘गेल्या आठवड्यात वर्गाला कोणते प्रश्न विचारले आणि मुलं कुठे चुकली?’ हेही विचारा. आणि गावच्या शाळेला काही द्यायची इच्छा असेल, तर प्रोजेक्टर खरेदी करण्याआधी शाळेत जाऊन गुरुजींना नेमकं काय हवंय ते विचारा. कदाचित थकलेलं वीजबिल भरायचं असेल, कदाचित महिन्याचं नेटपॅक लागत असेल. कदाचित चाळीस पुठ्ठे आणि चाळीस कागदांची छपाई एवढ्यावरही काम भागेल.